फोन करा, सांगतो

होळीला पंधरा दिवस उरले असताना, एका मंगळवारी, काशीराम परब आणि त्यांची मुलगी अक्षता यांचं भांडण झालं, ते घंटेवरून.

घंटा देवळातली नव्हे, वेबसाइटवरची. भांडुप स्टेशनावरून चढ चढत वर आलं, की डाव्या हाताला काशीराम परबांचं मिरची कांडप केंद्र लागतं. त्यांना सगळे नाना म्हणत. आत लोखंडी मुसळांचा डंक, समोर बायकांना बसायला लांबलचक बाक, आणि मधोमध खांद्यावर पंचा टाकून उभे नाना. उन्हाळा लागला की बायका वर्षाच्या मसाल्याची मिरची वाळवून, भाजून, डब्यात भरून आणायच्या आणि डोळ्यांत तेल घालून आपल्यासमोर कांडून घ्यायच्या. डोळ्यांत तेल नसलं तरी पाणी असायचंच.

यंदा मागच्या गल्लीत दुसरा डंक सुरू झाला होता. मालकाच्या भाच्याने, विकीने, मामाला वेबसाइट करून दिली होती. ती उघडली की घंटा वाजायची, तांबड्या मिरच्या पडदाभर गरागरा फिरायच्या, आणि खाली 'भांडुपचा नंबर एक डंक' हे वाक्य इतक्या वेळा लिहिलेलं होतं, की वाचणाऱ्याला भांडुपचाच वीट यावा.

"तेच्या साइटीर घंटा वाजता," नाना म्हणाले. "आमच्या साइटीर काय वाजता? काय नाय."

"नाना, बायका ऑफिसात बसून साइट उघडतात. घंटा वाजली तर आधी साइट बंद करतील."

"ऑफिसात बसान मसालो शोधूक कोणी सांगितल्यान? काम करा म्हणा."

अक्षता घाटकोपरच्या एका कंपनीत लोकांच्या धंद्याच्या वेबसाइटी बनवायची. दातांचे डॉक्टर, सामान हलवणारे, पोळीभाजीवाल्या, सगळ्यांच्या. तिच्या कामाचं सूत्र सोपं होतं: साइट दोघांसाठी बांधायची, येणाऱ्या माणसासाठी आणि शोधून देणाऱ्या यंत्रासाठी, आणि दोघांपैकी एकालाही फसवायचं नाही. हे सूत्र तिने दातांच्या डॉक्टरला एका चहात पटवून दिलं होतं. नानांना पटवण्यात अख्खा माघ गेला.

"फोटो टाकला की झालं, असं नसतं. गूगलला चित्र नीट दिसत नाही. ही भाजलेली ब्याडगी मिरची आहे, असं शब्दांत लिहावं लागतं."

"आंधळो आसा?"

"तसंच समजा."

"आणि तो ठरवतलो, कोणाचो डंक चांगलो!"

तरी एकेक करत नानांनी सगळं सोडलं. घंटा सोडली, फिरत्या मिरच्या सोडल्या, पार्श्वभूमीला रवळनाथ हवा होता तोही सोडला. अडलं ते प्रश्नोत्तरांपाशी. बायका फोनवर काय टाइप करून शोधतात, ते अक्षताने हुडकून काढलं होतं आणि त्यांच्याच शब्दांत एकेक प्रश्न ठळक मथळा करून मांडला होता. मालवणी मसाल्याला मिरची किती भाजायची? मसाल्याला जाळी लागू नये म्हणून काय करायचं? दगडफूल जास्त पडलं तर? आता खाली नानांची उत्तरं तेवढी हवी होती.

"मिरची किती भाजायची? सांगा, मी लिहून घेते."

"लिव. फोन करा, सांगतो."

"नाना, इथे उत्तर लिहायचं असतं."

"मिरची बघल्याशिवाय उत्तर कसा देऊ? सावलीत सुकवल्यान की उन्हात, ता इचारूक नको? लिव, फोन करा, सांगतो."

"बरं, जाळीचं?"

"तेका पण तोच."

"दगडफूल?"

"अगो, एकदा सांगितलंय मां!"

"मग साइट कशाला हवी? सगळ्याच प्रश्नांना फोन करायचा तर—"

"आणि सगळा तुझ्या साइटीर लिवलंस," नाना डंकाकडे बघत म्हणाले, "तर माका फोन कोण करतलो?"

अक्षताने प्रत्येक प्रश्नाखाली 'फोन करा, सांगतो' असं लिहिलं, खाली 'नाना परब' असं लिहून त्यांचा नंबर टाकला आणि साइट चढवली. रविवारी नानांना चहा पाजून खरी उत्तरं काढून घेऊ, असं तिने ठरवलं. साइट चढवताना ती चुकीची आहे हे ठाऊक असूनही चढवली, असं तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी बांगड्याचं तिखलं जेवता जेवता नानांनी दोनदा फोन उचलून बघितला.

"कोणाचो फोन इलो नाय अजून."

"आजच चढवलीय. गूगलला यायला वेळ लागतो."

"खयसून येता तो? दिल्लीसून?"

अक्षता हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी फोन उशाशी ठेवला, आवाज मोठा केला आणि झोपले. सकाळी ती चहा घेऊन गेली, तर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, त्रास झाला नाही.

*

मयताघरी बोलायला माणसं लागतात, आणि चाळीत ती हवी त्याहून जास्त मिळतात. गावाला फोन निलेशने केले. निलेश म्हणजे नानांच्या धाकट्या भावाचा मुलगा. डंकावर नानांच्या हाताखाली तयार झालेला. शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑफिसात साहेबांनीच सगळ्यांना कळवलं. आईला सांगावं, तर ती दहा वर्षांपूर्वीच नानांच्या पुढे निघून गेली होती. अशा रीतीने बारावं-तेरावं पार पडलं आणि जे झालं ते अक्षताला कोणालाही तोंडाने सांगावं लागलं नाही. लोक येत, ती मान हलवे. मान हलवण्यावर माणसाचं बरंच निभतं.

मग होळी पेटली, उन्हं तापली, आणि गूगल दिल्लीहून येऊन पोचला.

साइट चांगलीच झाली होती, त्याला इलाज नव्हता. साध्यातल्या साध्या मोबाइलवर चुटकीसरशी उघडायची. प्रश्न बायकांच्याच तोंडचे होते. मुलुंड, घाटकोपर, कुर्ल्यापर्यंत कोणीही 'मिरची किती भाजायची' म्हणून विचारलं, की पहिली यायची ती नानांची साइट. बाई आशेने प्रश्नावर बोट ठेवायची, तर खाली उत्तर: फोन करा, सांगतो. इतर कोणत्याही साइटवरून बाई वैतागून निघून गेली असती. पण ह्या वाक्यात काहीतरी असं होतं, की बायका निमूट फोन करत.

नानांचा फोन अक्षताजवळ होता.

"हॅलो, नाना आहेत का?"

पहिल्या फोनला अक्षताने तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द आले, "बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

"उशीर होईल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसरा फोन घाटकोपरच्या लताबाईंचा. त्यांना 'बाहेर' चालेना. बाहेर म्हणजे कुठे?

"गावी गेलेत."

"कुठलं गाव गं तुमचं?"

"देवगडजवळ."

"अगं बाई! मग हापूस आणतील ना? माझ्या दोन पेट्या सांगून ठेव. कापडात गुंडाळून आण म्हणावं, मागच्या खेपेला कोणीतरी आणले ते डागाळलेले निघाले."

"सांगते," अक्षता म्हणाली.

तिसरा फोन आला तेव्हा गाव नको म्हणून तिने नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू घातला. पलीकडे कुर्ल्याचे एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोसाठी चौकशी करत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही डोळे झालेले. त्यांनी अर्धा तास थेंब कसे घालायचे ते शिकवलं आणि शेवटी विचारलं, "आणि काय हो, ऑपरेशननंतर ते परत डंकावर उभे राहणार? मिरचीत? तुम्ही त्यांची मुलगी आहात की वैरीण?"

एकीला नाना बहिणीकडे गेले. एकीला लग्नाला. एकदा ती 'अंघोळीला गेलेत' म्हणाली, तर बाई म्हणाली, "मी थांबते," आणि खरंच फोन धरून थांबली.

अक्षता वाचणारी होती. खोलीतल्या फळीवर, माळ्यावर, गाद्यांच्या खालीसुद्धा तिची पुस्तकं होती. त्यांत माणसं मरत, आणि मागे उरलेली माणसं खिडकीशी उभी राहून दोन ओळींत नेमकं बोलत. ती पण खिडकीशी उभी राहून पाही. खिडकीसमोर शेजाऱ्यांचा कूलर होता.

"ताई, वाट लागलीय माझी," निलेश एका दुपारी नाकावरचा रुमाल सोडत म्हणाला. "बाया येतात नि विचारतात, नाना आले का? एक बाई बामची बाटली देऊन गेली, काकांच्या गुडघ्याला. काकांच्या गुडघ्याला कधी काय झालेलं?"

"ते मी म्हटलं होतं एकीला."

"तू त्या साइटवरनं काकांचं काढ ना. नि लिहून टाक सरळ."

"सीझनमध्ये साइटला हात लावत नाहीत, निलेश. नंबर घसरतो."

"घसरू दे ना, यार!"

"तुला कळत नाही त्यातलं."

निलेशला कळत नव्हतं, पण अक्षताला चांगलंच कळत होतं, की हे धादांत खोटं आहे. त्या दिवशी ती साइट दुरुस्त करायला बसली. पहिल्याच ओळीत होतं: काशीराम परब स्वतः उभे राहून तुमचा मसाला कांडून देतात. ती ओळ तशीच ठेवून तिने खालचा एक स्वल्पविराम नीट केला. मग डंकाचा फोटो हलका केला. मग निलेशच्या फोटोचं वर्णन लिहिलं. नकाशा सरळ केला. अक्षरांचा रंग म्हाताऱ्या डोळ्यांसाठी गडद केला. दुसऱ्या दिवशी साइट आणखी लवकर उघडायला लागली आणि फोन आणखी वाढले.

त्यातच शुक्रवारी मुलुंडच्या शुभाताईंचा फोन आला.

"हे बघ, माझी मुलगी उद्या रात्री कॅनडाला चाललीय. तिचा मसाला उद्या कांडला तर कांडला. मी सकाळी मिरची भाजून गरम गरम घेऊन येते. पण दगडफूल जास्त पडलंय असं मला वाटतंय. तुमच्या साइटवर आहे ना तो प्रश्न. तर उद्या नाना असतील ना?"

आतापर्यंतच्या थापांना तारीख नव्हती. नाना कुठेतरी होते, कधीतरी येणार होते. त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. अक्षताला 'नाही' म्हणता आलं असतं. 'निलेश बघेल' म्हणता आलं असतं.

"असतील," ती म्हणाली.

*

शनिवारी बाक भरलेला होता. डंकाच्या बाकाचा एक कायदा असतो, आणि तो मोडायची कोणाची छाती नाही. मुसळांना आधीच्या बाईची मिरची चिकटलेली राहते, म्हणून कमी तिखट आधी, जहाल मागाहून. सकाळी डबे उघडून, वास घेऊन, बायकांनी आपसांत क्रम लावला, की लावला. मधली बाई उठली तर मागच्या साऱ्या अडल्या. आज लताबाई पुढे होत्या, त्यांच्यामागे मुलुंडच्या शुभाताईंची जागा धरलेली, त्यांच्यामागे कुर्ल्याची ती बाई, जिच्या नवऱ्याचे दोन्ही डोळे झालेले, आणि तिच्यामागे लवंगी मिरचीवाल्या तिघी, नाकाला पदर लावून.

अक्षता आत पडद्यामागे फोन घेऊन बसली होती. डंक अजून चालू व्हायचा होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नाना आंबे घेऊन आले का हो?" लताबाई म्हणाल्या.

"आंबे?" कुर्ल्याची बाई म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आंबे कुठून आणेल?"

"ऑपरेशन? देवगडला आहेत ते."

"मला तर बहिणीकडे गेलेत म्हणून सांगितलं," तिसरी म्हणाली.

"मला अंघोळीला."

बाकावरच्या पाच-सहा अनुभवी बाया एकाच वेळी विचाराला लागल्या.

"बायको आहे का त्यांना?" लताबाईंनी आवाज खाली आणला. खाली म्हणजे पडद्यापलीकडे स्वच्छ पोचेल इतका.

"नाही. वारली ना बरीच वर्षं झाली."

"मग झालं तर! देवगडला कोणीतरी आहे."

"अहो, या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात? पुरुष म्हणजे लवंगी मिरची. वाळली की जास्त तिखट."

"म्हणून मुलगी रोज नवीन सांगते. लाजते बिचारी."

"लाजेल नाही तर काय! बाप असा सीझनमध्ये—"

पडद्यामागे अक्षताने ओढणी तोंडात कोंबली. तिला हसू येत होतं की दुसरंच काही, ते तिचं तिलाही कळेना. निलेश आत आला तो डोळे पुसतच, आणि ते काही मिरचीने नव्हतं.

"ताई, काकांचं लफडं लावलं त्यांनी," तो कुजबुजला. "काकांचं! आता तरी बोल बाई. नाहीतर मी जाऊन सांगतो."

"नको. मी सांगते."

"कधी?"

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि शुभाताई उतरल्या. मांडीवरचा स्टीलचा डबा त्यांनी तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी उचलून आणला. झाकण उघडलं, तसा भाजल्या मिरचीचा आणि धण्यांचा वास दुकानभर झाला.

"कुठायत नाना? लवकर बघू दे त्यांना. मऊ पडायच्या आत कांडायला हवं."

"मी बघतो ना," निलेश म्हणाला आणि त्याने लताबाईंची मिरची उखळात ओतून डंक सुरू केला. धाड धाड मुसळं पडू लागली. "दाखवा. दगडफूल थोडं जास्त आहे, पण—"

"तू कोण?" शुभाताई आवाजावर आवाज चढवत म्हणाल्या.

"पुतण्या."

"मग काकांना बोलाव. मला काल सांगितलंय, असतील म्हणून."

"ते नाहीयेत."

"मग मी थांबते."

"ओ ताई, थांबून कसं चालेल?" मागून लवंगीवाली ओरडली. "तुमच्या मागे आम्ही आहोत!"

"मग जा की पुढे."

"आमची लवंगी पुढे गेली तर तुमची मुलगी कॅनडात बोंबलेल. कायदा आहे बाकाचा!"

"माझं विमान आहे आज!"

"तुमचं की मुलीचं?"

"एकच ते!"

शुभाताई डबा पोटाशी धरून बाकाच्या मधोमध बसल्या. मिरची गरम होती तोवर कुरकुरीत होती. दर मिनिटाला ती वारा पीत मऊ पडत होती, आणि हे बाकावरच्या प्रत्येकीला दिसत होतं. मऊ मिरची कांडली की मसाला गोळा होतो, गोळा झालेल्या मसाल्याला बुरशी धरते. कॅनडातल्या कुठल्याशा स्वयंपाकघरात एक मुलगी बरणी उघडणार आणि आईने दिलेलं सगळं फेकून देणार. का, तर भांडुपच्या एका बाईला एक वाक्य बोलता येत नाही म्हणून.

अक्षता पडदा सारून बाहेर आली.

"ही बघा, आली," लताबाई म्हणाल्या आणि तिच्या दंडाला धरून समजुतीने पुढे वाकल्या. "हे बघ बाळा, खरं काय ते सांगून टाक. आम्ही कोणी काही म्हणणार नाही. माणूस आहे, होतं असं. कुठे असतात ते?"

अक्षताने सांगितलं. तिचे ओठ हलले, ते सगळ्यांनी पाहिलं. पण मुसळं जोरात पडत होती.

"काय?"

"काय म्हणाली?"

"काही ऐकू येत नाही गं, मोठ्याने बोल!" लवंगीवाल्या तिघी मागून एका सुरात म्हणाल्या. "देवगड म्हणाली का?"

निलेशने अक्षताच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. मुसळं एकामागून एक खाली बसली. कोणीतरी शिंकलं. लताबाईंचा अर्धा कांडलेला मसाला उखळात तांबडालाल पडून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या आपल्या मसाल्याकडे बघत नव्हत्या.

"माझे वडील वारले हो," अक्षता म्हणाली. "नाना वारले. होळीच्या आधी."